सगुणा अजून वर आलेली नाही

दुधाच्या टेंपोवाल्याला वैरी एकच, ऊन. केजच्या शीतकरण केंद्रावर ऊन चढायच्या आत कॅन पोचले नाहीत तर दूध नासतं, आणि वाटेवरच्या सगळ्या गावांच्या शिव्या एकट्या ड्रायव्हरला खाव्या लागतात. त्यामुळं मी कुठल्याच गावात इंजिन बंद करत नसे. हॉर्न वाजवायचा, कॅन चढवायचे, 'आटपा बे' म्हणायचं आणि सुटायचं. फक्त खडकदऱ्यात इंजिन बंद. नुसतं बंद नाही, खाली उतरून मी पोरांच्या मागं रांगेत उभा राहायचो. चांगला बी.ए. झालेला, मिशी राखलेला गडी! कारण तिथं द्वारकामावशी दूध मापता मापता गोष्ट सांगायच्या, आणि ती गोष्ट चुकली की माझा दिवसभर कशात जीव लागायचा नाही.

मोठी माणसं मी काही कमी पाहिली नाहीत. मंत्री पाहिले, कारखान्याचे चेअरमन पाहिले, त्यांच्या गाड्यांच्या धुळीत टेंपोही चालवला. पण 'मी ह्या माणसाला ओळखत होतो' असं छाती पुढं काढून सांगावं अशी माझ्या हिशेबात एकच, ह्या द्वारकामावशी, खडकदऱ्याच्या दूध संस्थेच्या सचिव.

नात्यानं त्या माझ्या कुणी नव्हत्या. गाव मावशी म्हणायचं, म्हणून मीही. अंगानं आडव्या, पदर कमरेला खोचलेला, कानावर पेन, आणि आवाज असा की ओढ्यापलीकडच्या म्हशी माना वर करायच्या. वर्षानुवर्षं सभांची इतिवृत्तं लिहून लिहून संस्थेची भाषा त्यांच्या स्वयंपाकघरात शिरली होती. त्यांचे यजमान शिवामामा म्हणजे गरीब गाय. सभेत काय, घरातही त्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता. जेवताना कधी चुकून 'कोरड्यासात मीठ कमी हाय' म्हणाले, तर मावशी शांतपणे म्हणायच्या, "तुमचं म्हननं नोंदवून घेतलंय." मीठ काही यायचं नाही. नातीनं जत्रेचा हट्ट धरला तर, "सूचक तू झालीस. अनुमोदक कोन? जा, अनुमोदक घिऊन ये." मग ती पोरगी आजोबांना हाताला धरून ओढत आणायची, आणि मामा बिचारे खाली मान घालून उभे. गोष्टसुद्धा कधी 'उरलेली उद्या' म्हणून थांबायची नाही. शेवटचं माप कॅनमध्ये ओतलं की मावशी हात वर करायच्या आणि ओरडायच्या, "सभा तहकूब!"

गोष्ट सुरू झाली ती भांडणातून. दुष्काळाचं वर्ष होतं. ओढ्यापलीकडं चारा छावणी पडली होती, निम्मं गाव जनावरांसोबत तिथंच राहायला गेलेलं. सकाळी दूध घेऊन संस्थेत यायचं काम पोरांचं. रांगेत ढकलाढकली ठरलेली. एक दिवस कविता नावाच्या पोरीची किटली उलटली आणि सगळं दूध मातीत गेलं. पाचुंदाभर, म्हणजे पाच पेंड्या कडब्यावर जगणाऱ्या म्हशीचं दूध ते. पोरगी अशी रडायला लागली की मी कॅन चढवायचा थांबलो. मावशींनी तिला जवळ ओढलं, बाकीच्यांकडं डोळे वटारले आणि म्हणाल्या, "गप ऱ्हा समदे. एक सांगते. आपल्याच गावात, पलीकडच्या वस्तीवर, सगुना नावाची एक पोरगी होती. तिची शेळी हरवली आन ती बारवेत उतरली."

बारव म्हणजे मारुतीच्या देवळामागची जुनी पायऱ्यांची विहीर. त्या वेळी तिच्यात बाभळी माजलेल्या, सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या, मेलेली कुत्री, गावाचा सगळा उकिरडा. शेवटची पायरी कुणी पाहिलीच नव्हती. पूर्वी तिच्यावर कायम पाणी असायचं, आणि लोकांनी वापर सोडला तेव्हा गाळ बसला. मावशींच्या गोष्टीत मात्र सगुणा थेट त्या शेवटच्या पायरीवर पोचली. तिथं उभं राहून ज्या काळाचं नाव घ्यावं त्या काळात माणूस निघायचं. पोरांनी रडणं, भांडणं सोडून तोंडं उघडी टाकली. मीही. हॉर्नवर हात तसाच राहिला.

गोष्टीला नियम एकच होता. ज्याचं दूध पातळ, त्यानं रांगेबाहेर कानात बोटं घालून उभं राहायचं. मावशी दुधात लॅक्टोमीटर सोडायच्या, एक भुवई वर करायच्या आणि पोरगं गुमान बाजूला व्हायचं. त्याचा परिणाम असा झाला की पोरं घरात धार काढताना पहाऱ्याला बसायला लागली. एकाची आजी मला वाटेत गाठून म्हणाली, "काय सांगू अंगदा, माझ्याच नातवानं तांब्या हिसकला माझ्या हातातला. म्हनतो, आजी, पानी घातलंस तर मला सगुना दिसायची न्हाई." केंद्रावर खडकदऱ्याच्या दुधाला नाव निघायला लागलं. तिथले साहेब विचारायचे, ह्या गावच्या म्हशी खातात तरी काय? मी म्हणायचो, गोष्टी खातात.

मावशींचा राग फार गोड पद्धतीनं निघायचा. एकदा मी घाई केली. "मावशी, आटपा की. ऊन झालं. सगुणा काय पळून चालली का?" दुसऱ्या दिवशी गोष्टीत काय, तर अंगद ड्रायव्हरचा टेंपो ब्रेक न लागून बारवेत पडला आणि निजामाच्या काळात निघाला! करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर शिपायानं अडवला. म्हणाला, "ये कौनसा जनावर है मियाँ? दूध देता क्या खाली चिल्लाताच?" ड्रायव्हर म्हणाला, हुजूर, हा डिझेल पितो. शिपाई म्हणाला, "तो फिर बांध के रखो इसकू. दूध नै देता, ऊपर से पीता!" आणि मला माझ्याच टेंपोसकट नाक्यावर दाव्याला बांधलं. पुढं कितीतरी सकाळी मी बांधलेलाच. बाकीच्या गावांतही बातमी पोचली. चहाच्या टपरीवर लोक विचारायचे, "काय अंगदराव, सुटले का?" शेवटी एक दिवस मी निमूट इंजिन बंद केलं, खाली उतरलो आणि रांगेत उभा राहिलो. मावशींनी माझ्याकडं पाहिलंही नाही. म्हणाल्या, "तर मग त्या दिवशी शिपायानं ड्रायव्हरचं दावं सोडलं."

पण ती गोष्ट नुसती हसायची नव्हती. सगुणा मागं मागं जात एकदा थेट ज्या दुष्काळात बारव खोदली त्या काळात पोचली. तिनं पाहिलं, तिच्याच वस्तीची माणसं डोक्यावर दगड वाहतायत. तिचा आज्जा, त्याचाही आज्जा. पायऱ्या त्यांनीच बसवल्या. आणि खाली पाणी लागल्यावर त्यांनाच सांगितलं गेलं, बाजूला व्हा, तुमी उतरायचं न्हाई. त्या दिवशी वस्तीवरच्या सोनाबाई स्वतः दूध घेऊन आल्या होत्या, त्यांच्या घरची पोरं ऊसतोडीला गेलेली. वय झालेली बाई, निळ्या काठाचं लुगडं, बोलणं कमी. त्या एवढंच म्हणाल्या, "पुढं?"

मावशींनी माप खाली ठेवलं. "पुढं सगुना त्या म्हाताऱ्यापशी गेली. म्हनली, आज्जा, मी तुमची नात. तुमच्या पुढच्या काळातली. म्हातारा म्हनला, पोरी, तू हितं आलीस कशी? सगुना म्हनली, ह्याच पायऱ्या उतरून आले की."

सोनाबाई किटली तिथंच विसरून गेल्या. मी ती वस्तीवर नेऊन दिली, तर अंगणात बसून त्या पदरानं डोळे पुसत होत्या. त्या दिवशी मला कळलं, ही बाई नुसती पोरं रमवत नाही.

आणि मग ते बांधकामाचं निघालं. संस्थेचे चेअरमन दादाराव, माणूस वाईट नव्हता. दूध थंड करायचं यंत्र संस्थेला मंजूर झालं होतं, आणि ते ठेवायला खोली हवी होती. यंत्र आलं असतं तर दूध नासणं थांबलं असतं, ह्यात खोटं काहीच नव्हतं. पण जागा त्यांनी धरली ती बारवेची. "उकिरडाच तर हाय. बुजवू आन वर खोली बांधू." मावशी सरळ बोलायला गेल्या. मी कॅन चढवत होतो, सगळं कानावर पडलं.

"चेअरमनसाहेब, बहात्तरच्या दुष्काळात गावातल्या समद्या हिरी आटल्या. ही एकटी आटली न्हवती. माझ्या मायनं हितल्या पान्यावर आमाला जगवलं. तिला बुजवू नका. गाळ काढा, पानी हाय तिच्यात."

"मावशी, पानी असतं तर दिसलं असतं. आन तुमी सचिव हाव. सचिवाला मत नसतंय. विषयपत्रिका लिवा."

खरंच होतं ते. सचिव म्हणजे संस्थेची पगारी नोकर. सभेत ठराव लिहायचा, ठरावावर बोलायचं नाही. मावशींनी खाली बसून स्वतःच्या वळणदार अक्षरात विषय लिहिला, 'जुनी बारव बुजवून बांधकाम करणेबाबत', आणि तो कागद स्वतःच्या हातानं भिंतीला चिकटवला. मला वाटलं, संपलं सगळं. इतकी जिवंत बाई, पण कागदापुढं हरली.

मग त्या दुधाच्या मापाशी आल्या आणि गोष्ट पुढं सांगायला लागल्या. सगुणा परत निघाली होती. शेळी सापडली होती, आई वाट पाहत होती. सगुणानं शेवटच्या पायरीवर पाय ठेवला, आता आपल्या काळाचं नाव घ्यायचं तेवढं राहिलं. तेवढ्यात वरून दगड पडल्याचा आवाज आला. मग माती. मग पुन्हा दगड.

"मग?" पोरं ओरडली.

"सभा तहकूब."

दुसऱ्या दिवशी पोरं पहाटेच हजर. मावशींनी मुकाट दूध मापलं. "आज काय न्हाई. सगुना खालीच हाय." तिसऱ्या दिवशी तेच. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. कविता हात जोडून म्हणाली, "मावशी, काढा ना तिला वर." मावशी म्हणाल्या, "माझ्या हातात काय हाय पोरी? मी सचिव. घरी जाऊन इचार." पोरं घरी गेली आणि त्यांनी घरोघर असा काव आणला की विचारू नका. छावणीत गव्हाणीच्या कडेला बायका एकमेकींना सांगत होत्या, माझं पोरगं घास गिळना झालं. मीही धड झोपत नव्हतो. सांगायला लाज कसली?

त्या वर्षीची वार्षिक सभा छावणीतच भरली, कारण सभासद सगळे तिथंच. हिरव्या जाळीच्या सावलीत माणसं, मागं म्हशी, मध्ये खुर्ची टेबल. मी दूध पोचवून मुद्दाम परत गेलतो. मावशी टेबलाशी खाली मान घालून लिहीत होत्या. दादारावांनी खोलीचा फायदा नीट समजावून सांगितला. माना डोलल्या. आता हात वर होणार, एवढ्यात मागून सोनाबाई उभ्या राहिल्या.

"सायेब, एक इचारू का? ती पोरगी वर आली का?"

"कोनची पोरगी?"

"सगुना. ती खाली हाय न्हवं? बारव बुजवली तर ती वर कशी यील?"

मला वाटलं, आता सभा फुटेल हसून. कुणीही हसलं नाही. उलट पुढचा एक गडी मागं वळून म्हणाला, "खरंच की राव."

दादाराव उठून उभे राहिले. "आरं, काय याड लागलं का बे तुमाला? ती गोष्टीतली पोरगी हाय!"

"गोष्टीतली आसंल," तो गडी म्हणाला, "पन आपल्या गावची हाय का न्हाई?"

गलका झाला. सोनाबाईंनी हात वर केला तेव्हा पुन्हा शांत. "हे बगा, ते दगड आमच्या मानसांनी वाहिले का न्हाई, म्या काय डोळ्यानं पाह्यलं न्हाई. पन माझ्या सबंद उमरीत त्या पायरीवर आमचं नाव कुनी घेतलं न्हवतं. आता कुठं घेतलंय. लगीच बुजवायला निघाले व्हय?"

दादारावांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "सचिव, लिवून घ्या."

मावशींनी मान वर केली नाही. कोरड्या, कचेरीतल्या आवाजात विचारलं, "ठरावाची भाषा सांगा." सभेनंच भाषा सांगितली, कुणी अर्धी, कुणी उरलेली. सगुणा वर येईपर्यंत बारव बुजवण्यात येऊ नये. "सूचक?" सोनाबाई. "अनुमोदक?"

क्षणभर कुणी उठलं नाही. ठरावाला नाव लागणार म्हटलं की माणसं कचरतातच. आणि मग म्हशींच्या बाजूनं, हातात वैरणीची पेंडी तशीच धरून, शिवामामा उभे राहिले. त्या माणसाचा आवाज सभेनं पहिल्यांदा ऐकला. "अनुमोदक मी."

मावशींचं पेन थांबलं. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं. पण आवाज तसाच सचिवाचा. "तुमचं म्हननं नोंदवून घेतलंय." ह्या वेळी मात्र खरोखर नोंदवलं. ठराव सर्वानुमते मंजूर झाला, चेअरमनच्या हातासकट. अशी सभा कुठं झाली असेल तर मला दाखवा.

ठराव झाल्यावर गाव गप्प बसेल कसं? ती वर येणार, तर तिला वाट नको का? छावणीत हात रिकामेच होते. आधी पोरं टोपली घेऊन गेली, मग बाया, मग गडी. बाभळी तोडल्या, उकिरडा उपसला, पायरीमागून पायरी मोकळी होत गेली. सगळ्यात जास्त पाट्या वाहिल्या दादारावांच्या थोरल्या पोरानं, आणि खुद्द दादारावांनी यंत्राच्या खोलीला सडकेकडंची स्वतःच्या शेताची कड दिली. शेवटच्या पायरीवर फावडं लागलं तेव्हा खालचा गाळ ओला होता. दुसऱ्या दिवशी तिथं पाणी साठलं होतं. फार नाही, पण होतं. तिथं पहिल्यांदा उतरल्या सोनाबाई, गावानंच त्यांना पुढं केलं. पुढं दुष्काळ काय आमच्या बीड जिल्ह्याला सोडतो का? पुन्हा आला, टँकर नेहमीसारखे उशिरा आले, पण खडकदऱ्याची जनावरं त्या पाण्यावर तगली.

एवढी भारी गोष्ट, तिचं पुस्तक का होऊ नये? माझ्या डोक्यात किडा वळवळला. कॉलेजातल्या एका दोस्ताच्या ओळखीनं मी पुण्याचे एक प्रकाशक टेंपोत घालून आणले. ते पालथ्या कॅनवर बसून तीन-चार सकाळी सुरुवातीपासून गोष्ट ऐकत राहिले. शेवटी चष्मा पुसत म्हणाले, "बाई, किशोरांसाठी अशी कादंबरी मला आजवर मिळाली नाही. काळातून फिरणारी मुलगी, आणि तीही आपल्या मातीतली. मी छापतो. फक्त शेवट द्या. ती वर कशी येते तेवढं लिहा."

"शेवट न्हाई," मावशी म्हणाल्या.

"म्हणजे सुचला नाही?"

"सुचलाय की. कवाच सुचलाय. द्यायचा न्हाई."

प्रकाशकांना मी एस.टी.वर सोडलं आणि तणतणत परत आलो. "मावशी, कमाल करता तुमी! सगळ्या महाराष्ट्रात नाव झालं असतं तुमचं!"

"नाव हाय की मला. रोज पावतीवर सही करते."

"मग शेवट द्यायला काय धाड भरली?"

मावशी हसल्या. हात धुतले, पदराला पुसले. "ठराव काय हाय, अंगदा? सगुना वर येईपर्यंत. ती वर आली की ठराव सपला. आज हे दादाराव हायत. उद्या दुसरा चेअरमन यील, त्याला दुसरी खोली बांधायची आसंल. शेवट छापला की पहिली प्रत तोच इकत घील, आन दुसऱ्या दिशी जेसीबी आनंल. तिला ऱ्हाऊ दे खाली. तिथं तिला पानी हाय."

पुस्तकावर नाव छापून यावं म्हणून माणसं काय काय करतात ते मी नंतर पुष्कळ पाहिलं. ह्या बाईनं छापून येणारं नाव एका विहिरीसाठी सोडून दिलं, आणि तेही हसत, हात पुसत. मला तिचा राग आला होता, आणि त्याच घटकेला तिच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं.

मावशी आता नाहीत. कॅनही गेले, दुधाचे टँकर आले, माझा टेंपोही भंगारात गेला. किटली सांडलेली ती कविता संस्थेची सचिव आहे. दर वार्षिक सभेत मागचं इतिवृत्त वाचून झालं की ती विचारते, "सगुणा आली का?" सभा उत्तर देते, "न्हाई!" आणि ठराव पुढच्या वर्षासाठी कायम होतो. नव्या सभासदांना पहिल्यांदा हसू येतं. मग कुणीतरी त्यांना बारवेवर घेऊन जातं.

मी मावशींना शेवटचं पाहिलं ते अशाच एका सभेत. लिंबाखाली खुर्चीवर बसवलं होतं, मांडीवर सत्काराची शाल, शेजारी शिवामामा. पाय सुजलेले, तो आवाजही खाली गेलेला. कवितानं विचारलं, "सगुणा आली का?" आणि त्या दिवशी उत्तर द्यायच्या ऐवजी सगळी सभा मावशींकडं वळली. त्यांनी सगळ्यांवरनं नजर फिरवली. दादाराव काठी टेकून बसले होते. सोनाबाईंची पणती पुढच्या रांगेत बसली होती.

"न्हाई," मावशी म्हणाल्या. "पन वाटंवर हाय. पायऱ्या झाडून ठिवा."

सभा उठल्यावर मी त्यांच्या पाया पडलो आणि हळूच विचारलं, "मावशी, मला तरी सांगा. येते का हो ती?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. डोळे तेच, भुवई तशीच वर.

"इंजिन बंद केलंस का?"

"केलंय मावशी."

"मग बस की. घाई काहून?"

समोर पोरं त्यांच्याभोवती गोळा होत होती. मी त्यांच्या मागं जाऊन बसलो.